कांदेपोहे आणि सहा युनिट

‘काय गं, डाएट कुठलं?’

२०२२च्या दिवाळीत हा प्रश्न मला किमान वीस जणींनी विचारला. दोन महिन्यांत नऊ किलो! जिम नाही, कीटो नाही, सकाळचं ते मध-लिंबूपाणीसुद्धा नाही. डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये मी एकदम हिरॉइन. आणि खरं सांगू? मला जाम आवडत होतं ते. रात्री चार वेळा उठायचं, बाथरूमला जायचं, बाटलीभर पाणी ढोसायचं, परत झोपायचं आणि सकाळी आरशात गालांची हाडं दिसली की खूश व्हायचं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. सत्ताविसाव्या वर्षी तहान लागली तर कोण डॉक्टरकडे जातं?

शेवटी गेले ती डोळ्यांमुळे. दादरला इंडिकेटरवरची अक्षरं धूसर दिसायला लागली. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून तपासायला गेले, तर तिथल्या बाईंनी विचारलं, ‘शुगर केलीय का कधी?’ केली. उपाशीपोटी २८६. (१२६ किंवा त्याहून जास्त आली की डायबिटीस, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं.) तीन महिन्यांची साधारण सरासरी सांगणारी एचबीएवनसी ११.८. ती ६.५च्या आत असायला हवी.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, ‘बाबांना आहे ना? मग आलाच वारसा.’ गोळ्या सुरू. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. शुगर ढिम्म. भात सोडला, साखर सोडली, वडापाव तर स्वप्नातही खाल्ला नाही. तरी दर महिन्याला तोच प्रश्न, ‘पथ्य नीट पाळताय ना?’ आठ महिने मी स्वतःला चोर समजत होते. दरम्यान घरात मेथीदाणे, कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड असा साग्रसंगीत सोहळा चालूच होता.

मग जून २०२३. ताप आला, उलट्या सुरू झाल्या, पोटात काही राहीना. जेवतच नाही तर गोळ्या कशाला, असा हुशार विचार करून मी त्याही बंद केल्या. तिसऱ्या दिवशी धाप लागली, नुसतं पडल्या पडल्या. भावाने रिक्षात घातलं. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले ती आयसीयूत.

त्याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. शरीरात इन्सुलिन नसलं, की रक्तात कितीही साखर असली तरी पेशींना ती वापरता येत नाही. गोदाम भरलेलं, पण चावी हरवलेली. मग शरीर घाबरून चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात आणि रक्तच आंबट व्हायला लागतं. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातो. माझे ते कौतुकाचे नऊ किलो या जाळपोळीतच गेले होते.

लाड नव्हे, लाडा

हॉस्पिटलात मला पहिल्यांदा एंडोक्रायनॉलॉजिस्ट भेटल्या. (हा शब्द मी आता न अडखळता म्हणते, प्रॅक्टिस झालीय.) त्यांनी दोन तपासण्या सांगितल्या. सी-पेप्टाइड, म्हणजे तुमचं स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतंय त्याचा अंदाज. आणि गॅड अँटिबॉडी, म्हणजे तुमचीच प्रतिकारशक्ती तुमच्यावर उलटलीय का, ते. पहिली अगदी कमी आली, दुसरी भरपूर. ‘हा तुमच्या बाबांचा डायबिटीस नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘हा टाइप वनच्या घरातला. मोठेपणी हळूहळू येतो. याला लाडा म्हणतात.’

आईचा चेहरा पडला. ‘लाडाने झालं? अहो, आम्ही काही फारसे लाड केले नाहीत हो तिचे!’

आयसीयूतून बाहेर आल्यावरचं माझं पहिलं हसू ते.

टाइप वन फक्त लहान मुलांना होतो, ही आपल्याकडची पक्की समजूत. पण तो कुठल्याही वयात होऊ शकतो. वसीम अक्रमला १९९७मध्ये निदान झालं, तेव्हा तो तिशीचा होता, पाकिस्तानचा हुकमी बोलर. त्यानंतर इन्सुलिन घेत तो आणखी काही वर्षं खेळला आणि २००३च्या वर्ल्ड कपमध्ये वनडेतली पाचशेवी विकेट काढली. माझ्या भावाने ही माहिती मला हॉस्पिटलात आणून दिली. इतरांनी आणलेल्या शहाळ्यांपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला.

मॅडमनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. मी ते माझ्या भाषेत सांगते. आपल्या अंगात काही ग्रंथी असतात, ज्यांना नळी नसते. त्या आपला माल थेट रक्तात सोडतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी, गळ्यात थायरॉइड, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल, वगैरे. हार्मोन म्हणजे ‘रिप्लाय ऑल’ केलेली मेल. जाते सगळ्यांना, पण वाचतो तोच ज्याच्याकडे तिचा पासवर्ड आहे. इन्सुलिनची मेल मुख्यतः स्नायू, चरबी आणि यकृत वाचतात. मजकूर एकच, ‘साखर आलीय, आत घ्या, साठवा.’ उलट बाजूने ग्लुकॅगॉन, अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही मंडळी ‘साखर बाहेर काढा’ म्हणून ओरडत असतात. म्हणून तर अप्रेझलच्या दिवशी मी सकाळपासून काही न खाताही माझी शुगर दोनशेच्या वर जाते. बॉसला हे सांगितलं तर त्याला जोक वाटला.

इन्सुलिन बनतं स्वादुपिंडातल्या छोट्या छोट्या बेटांवर. ही बेटं पहिल्यांदा नोंदवली पॉल लँगरहान्सने, १८६९मध्ये बर्लिनमध्ये, वैद्यकीच्या प्रबंधात. तेव्हा तो बावीसचाही नव्हता आणि ती बेटं काय काम करतात ते त्याला कळलं नव्हतं. ‘इन्सुलिन’ हे नावच मुळी लॅटिनमधल्या बेट या शब्दावरून आलंय.

माझ्या बेटांवर काम बंद पडलंय. माझं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. माझे आजोबा गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, असं ते शेवटपर्यंत सांगायचे. मी मॅडमना विचारलं, ‘म्हणजे माझं स्वादुपिंड संपावर गेलंय?’ त्या म्हणाल्या, ‘संप नाही. वॉचमननेच कामगारांना चोर समजून मारलंय. आता ते परत कामावर येणार नाहीत. माल बाहेरूनच आणायचा.’

शेवटची स्टेज?

घरी आल्यावर भेटायला आलेल्या मावशीने दाराशीच आईला विचारलं, कुजबुजत, पण मला ऐकू जाईल इतपत. ‘इन्सुलिनवर टाकलं? म्हणजे शेवटचीच स्टेज ना गं?’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा टी-शर्ट छापावा. त्याचं मूळ मला आता कळतं. टाइप टू असलेली आपली माणसं इन्सुलिन टाळत टाळत दहा-पंधरा वर्षं काढतात. तोवर किडनी, डोळे, पाय यांची वाट लागलेली असते. मग इन्सुलिन सुरू होतं आणि सगळं खापर त्याच्यावर फुटतं. बंब येईपर्यंत घर जळू द्यायचं आणि मग म्हणायचं, बंब आला की घर जळतं. ‘एकदा लागलं की सुटत नाही’ हे माझ्यापुरतं खरं आहे, पण चष्मा लागला की आपण ‘व्यसन लागलं’ म्हणत नाही ना? टाइप टूमध्ये तर कधी कधी ऑपरेशनपुरतं किंवा गरोदरपणापुरतं घेऊन नंतर बंदही करतात.

आमच्या माळकरी आजीची शंका वेगळीच होती. ‘ते डुकराचं असतं ना गं?’ आजी चुकली नव्हती, फक्त चाळीस वर्षं मागे होती. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला जगातलं पहिलं इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं ते प्राण्याच्या स्वादुपिंडातूनच काढलेलं होतं. त्याआधी टाइप वन म्हणजे काही महिन्यांचा, फार तर एक-दोन वर्षांचा मामला. उपाशी ठेवून जेवढं जगवता येईल तेवढं जगवायचं. शोध लावणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला नाममात्र एकेक डॉलरला देऊन टाकलं. पुढे साठ वर्षं जगभर गाय-डुकराचंच इन्सुलिन चाललं. मग माणसाच्या इन्सुलिनचा जीन जिवाणूत घालून ते बनवता यायला लागलं आणि अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती १९८२मध्ये. आजोबांची गिरणी बंद पडली त्याच वर्षी. आता ते जिवाणू किंवा यीस्टकडूनच बनवून घेतात. हे सांगितल्यावर आजीने माळेला हात लावला आणि म्हणाली, ‘मग घे.’

सुईचं म्हणाल तर तो सगळ्यात फुसका भाग आहे. पेनची सुई चार मिलीमीटरची असते. पोट, मांड्या, दंड, जागा बदलत राहायची. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ होते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

खरे घोळ दुसरीकडेच होतात. सुरुवातीला माझ्याकडे पेन नव्हतं, बाटली होती, यू-४०ची. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. तिची सिरिंज लाल टोपीची. एकदा पुण्याला जाताना सिरिंज विसरले आणि तिथल्या केमिस्टने केशरी टोपीची दिली. ती यू-१००साठी असते. मी आपले दहा रेघांपर्यंत भरून दोन दिवस टोचत राहिले, प्रत्यक्षात अंगात जात होते चारच युनिट. शुगर साडेतीनशे! उलटं झालं असतं, यू-१००चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं असतं, तर दहाच्या जागी पंचवीस गेले असते, आणि हा लेख कदाचित लिहिलाच गेला नसता. घरात आजोबा-आजी बाटलीतून घेत असतील तर आज जाऊन बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग बघा. खरंच.

आणि ऑफिसच्या पँट्रीतला फ्रिज! मी बाटली डब्यात घालून, डब्यावर नाव न लिहिता ठेवायची. कुणाला कळू नये म्हणून. एक दिवस कुणाच्या तरी बर्थडे केकला जागा हवी होती, म्हणून माझा डबा सरळ फ्रीझरमध्ये गेला. गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी निकामी, फेकूनच द्यावं लागतं. मी गपचूप फेकलं आणि केकही खाल्ला, कारण नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

तर हे ‘कळू नये’ प्रकरण.

मुलगी लाजतेय

त्याच जून २०२३मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस. दहा कोटी! आणि आमच्या बिल्डिंगमध्ये विचाराल तर एकालाही नाही. आईचं धोरण साधं होतं. ‘लपवायचं नाही गं, पण आधी सांगायचं कशाला? जमलं की सांगू.’ स्थळं बघणं चालू होतं ना.

फेब्रुवारी २०२४चा रविवार. मुलगा पनवेलचा, इंजिनीअर, पत्रिका जुळलेली. पाच वाजता येणार. मेन्यू अर्थातच कांदेपोहे आणि वाटीभर शिरा. मी मनात हिशेब केला, साधारण साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट, माझ्या प्रमाणाने सहा युनिट. (माझ्या! तुमचं गणित तुमच्या डॉक्टरांकडून शिका.) तेव्हा मी साधं, जुन्या पद्धतीचं इन्सुलिन घ्यायचे. ते जेवणाच्या अर्धा तास आधी टोचावं लागतं. साडेचारला फोन आला, ‘पोहोचतोच, कल्याण-शीळ रोडला आहोत.’ मी बेडरूमचं दार लावून, साडीचा पदर बाजूला करून सहा युनिट टोचले.

कल्याण-शीळ रोडला आहोत. डोंबिवलीकर आत्ता हसले असतील. त्या रस्त्यावर ‘पोहोचतोच’ या शब्दाला काही अर्थ नसतो.

पाच वाजले. सव्वापाच. मी काही खायला स्वयंपाकघरात गेले तर मावशी म्हणाली, ‘लिपस्टिक जाईल, थांब की, येतीलच आता.’ साडेपाच. पावणेसहाला बेल वाजली. मग चपला, पाणी, ‘ट्रॅफिक काय हो,’ कोण कुठल्या गावचे, कुणाचे मेहुणे कुठल्या बँकेत. मी आत ट्रे घेऊन उभी. ओठ बधिर झाले होते, पाठीवरून घामाचे ओघळ, आणि मला अचानक कळेना की ट्रेमध्ये सहा प्लेट आहेत की सात. मोजून मोजून थकले. मावशीने ढकललं, ‘जा.’

गेले. प्लेट वाजायला लागल्या. हात थरथरत होते, शेंगदाणे उडत होते. मुलाची आई कौतुकाने म्हणाली, ‘लाजतेय हो!’ सगळे हसले. आईसुद्धा हसली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसू थांबवलं.

चहाच्या ट्रेमध्ये साखरेचं भांडं होतं. मी तिथेच, सतरंजीवर फतकल मारून, कांजीवरममध्ये, चमचा घेतला आणि साखर खायला लागले. एक चमचा, दोन, तीन. खोलीत फक्त कुरकुर आवाज. मुलाने पाण्याचा ग्लास पुढे केला. आईने आतून ग्लुकोमीटर आणला, लपवाछपवी वगैरे सगळं विसरून, सगळ्यांसमोर माझं बोट टोचलं. ५४. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू. नियम असा, की पंधरा ग्रॅम साखर घ्यायची, पंधरा मिनिटं थांबून परत बघायचं. (चॉकलेट देऊ नका कुणाला अशा वेळी. त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ हॉस्पिटल.) ती पंधरा मिनिटं पाहुणे आणि आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो. ८१ आली. मग मी पोहे खाल्ले, दोन प्लेट, आणि खाता खाता सगळं सांगून टाकलं.

ती माणसं वाईट नव्हती. ऐकून घेतलं, ‘काळजी घे’ म्हणाले. निघताना मुलाचे वडील सँडलचा बंद लावायच्या निमित्ताने मागे रेंगाळले. बाकीचे लिफ्टपाशी गेल्यावर हळूच विचारलं, ‘दिवसाला किती युनिट?’ मी सांगितलं.

‘मी रात्री वीस घेतो,’ ते म्हणाले. ‘बाथरूममध्ये. हिला माहितेय. मुलाला नाही.’

चार दिवसांनी फोन आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळली होती म्हणून तर आले होते! आई दोन दिवस गप्प होती. मला मात्र त्या माणसाचं वाईट वाटत राहिलं. साठीच्या घरातला बाप्या, स्वतःच्या घरात कडी लावून टोचतोय. रात्री कधी त्याची शुगर खाली गेली तर मुलगा काय समजणार? बाबा प्यायलेत?

सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी पँट्रीतल्या डब्यावर जाड मार्करने लिहिलं, ‘इन्सुलिन. फ्रीझरमध्ये टाकाल तर बिल पाठवीन.’ शेजारच्या टेबलवरच्या दोघांना ग्लुकोमीटर कसा वापरायचा ते शिकवलं आणि साखरेची पुडी कुठल्या ड्रॉवरमध्ये असते ते दाखवून ठेवलं. आठवडाभरात अकाउंट्समधला एक जण येऊन विचारून गेला, ‘तुझ्या डब्यात माझं पेन ठेवलं तर चालेल?’ हा माणूस तीन वर्षं माझ्यासमोर डबा खात होता. आता आम्ही एकमेकांना कँटीनमध्ये ‘आज किती?’ विचारतो आणि बाकीच्यांना वाटतं आमचा शेअर बाजारावर सट्टा चालू आहे.

मॅडमनी माझं इन्सुलिनही बदललं. आता पेन आहे, चटकन काम करणारं. जेवणाची वेळ माझ्या हातात असेल तर दहा-पंधरा मिनिटं आधी घेते, आणि नसेल तर ताट समोर आल्यावर. शिवाय रात्री एक लांब पल्ल्याचं. दंडावर सेन्सर चिकटवायचा तर तो चौदा दिवस चालतो आणि मोबाइलवर शुगर दाखवत राहतो. पण स्वस्त नाही, त्यामुळे मी तो प्रवासाच्या, सणावाराच्या महिन्यातच लावते. स्थळं अजून येतात. बायोडेटात ‘उंची, वर्ण, शिक्षण’च्या खाली मी एक ओळ घातलीय. फोन कमी झालेत, पण जे येतात ते वेळेवर पोहोचतात.

मे २०२५मध्ये मामेभावाचं लग्न होतं, कल्याणला. मुहूर्त दुपारचा, हॉल खचाखच. मी पर्समधलं पेन चाचपडत होते, तेवढ्यात आई पंगतीच्या माणसाला गाठून उभी राहिलेली दिसली. पैठणी, नथ, आणि खणखणीत आवाज. आजूबाजूच्या चार रांगांना ऐकू जाईल असा.

‘पंगत नक्की किती वाजता वाढणार? माझ्या मुलीला इन्सुलिन घ्यायचंय.’

‘दहा मिनिटांत, ताई.’

आई माझ्याकडे वळली. ‘घेऊ नकोस हं अजून. ताट समोर येऊ दे.’